पहिल्या अर्थसंकल्पातली नर्सबाई

भारतीय राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुदत घातलेलं कलम मुळात एकच होतं, कलम ४५. राज्यघटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे २६ जानेवारी १९६० पर्यंत. ती तारीख आली आणि गेली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत देशाची साक्षरता २८ टक्क्यांच्या आसपास भरली. शिक्षण हक्क कायदा अमलात यायला १ एप्रिल २०१० उजाडला.

या तारखांशेजारी आणखी एक तारीख ठेवली की जीव कासावीस होतो. १९४४ साली, म्हणजे इंग्रजांच्याच अमदानीत, सरकारचे शिक्षण सल्लागार जॉन सार्जंट यांच्या अहवालाने सार्वत्रिक शिक्षणासाठी चाळीस वर्षांची मुदत सुचवली होती, १९८४ पर्यंतची. चाळीस वर्षं हा हिशेब आपल्या लोकांना झोंबला, आणि तो झोंबायलाच हवा होता. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हा काळ सोळा वर्षांवर आणला. पैसा कुठून येणार हेही सांगितलं: केंद्राने आपल्या महसुलाचे १० टक्के आणि प्रांतांनी २० टक्के शिक्षणावर घालावेत. घटनाकारांना सोळा वर्षंही जास्त वाटली, त्यांनी दहा लिहिली. शेवटी घडलं काय, तर परक्या सरकारने दिलेली आणि आपण धुडकावलेली मुदतसुद्धा आपल्याच्याने पाळली गेली नाही.

हे कुणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. १९४७ नंतरच्या सरकारपुढे फाळणीचे निर्वासित होते, धान्याचा तुटवडा होता, काश्मीरचं युद्ध होतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या जवळजवळ प्रत्येक देशापुढे असंच काहीतरी होतं, आणि तरी त्यांच्या वाटा वेगवेगळ्या झाल्या. नव्या देशाने आरोग्य आणि शिक्षण यांवर पैसा घालावा, हे आता कुणी नाकारत नाही. पैसा किती, याबद्दल बोललंही पुष्कळ जातं. मला जे म्हणायचं आहे ते जरा वेगळं आहे. तो पैसा पहिल्या दहा-पंधरा वर्षांत शिडीच्या कुठल्या पायरीवर पडतो आणि कुठल्या रूपात पडतो, यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचं नशीब ठरतं. पहिला पैसा पडायला हवा गावातल्या मास्तरच्या आणि नर्सबाईच्या पगारात. आणि बहुतेक नव्या सरकारांनी नेमका तोच खर्च मागे ठेवला.

मागे ठेवण्यामागचा युक्तिवाद साधा आहे आणि वरवर पटणाराही. आधी देशाने कमवावं, मग खर्चावं. धरणं, वीज, पोलाद यांतून उत्पन्न वाढेल, कर वाढतील आणि मग शाळा-दवाखाने परवडतील. आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत २,०६९ कोटी रुपयांपैकी समाजसेवांच्या सगळ्या खात्यांना मिळून सुमारे ३४० कोटी आले, म्हणजे साधारण १६ टक्के. सिंचन आणि वीज यांना २७ टक्के, वाहतुकीला २४. दुसऱ्या योजनेत अवजड उद्योगांनी आघाडी घेतली. भाक्रा धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पण या हिशेबात एक गोष्ट सुटते, आणि अमर्त्य सेन यांनी ती वारंवार दाखवून दिली आहे. गरीब देशात मजुरी कमी असते. यंत्र मात्र गरीब देशालाही जगाच्याच भावाने, परकीय चलनात घ्यावं लागतं. शिकवणं आणि शुश्रूषा ही माणसांनी करायची कामं, त्यांत यंत्रं थोडी आणि माणसंच फार. म्हणून मूल वाचायला शिकवणं किंवा बाळंतीण सुखरूप घरी पाठवणं हे गरीब देशाला श्रीमंत देशाच्या मानाने कितीतरी स्वस्तात जमतं. श्रीमंत होण्याची वाट पाहत बसलं, तर तेच काम महाग होत जातं.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण समुद्रापलीकडे आहे.

श्रीलंका, तेव्हाचं सिलोन, ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. पण तिथली गोष्ट थोडी आधी सुरू होते. १९३१ मध्ये तिथल्या स्त्री-पुरुषांना सरसकट मतदानाचा हक्क मिळाला. १९३४-३५ मध्ये मलेरियाच्या साथीत ऐंशी हजारांच्या आसपास माणसं मेली. मतं मागायला येणाऱ्या माणसाला गावकरी दवाखाना मागू लागले आणि तो त्यांना द्यावा लागू लागला. खेड्यापाड्यांत छोटी रुग्णालयं उभी राहिली. शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी १९४५ मध्ये बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचं शिक्षण मोफत केलं आणि शहराबाहेर चांगल्या मध्यवर्ती माध्यमिक शाळा काढल्या. (स्वतः कन्नंगरा १९४७ ची निवडणूक हरले. मोफत शिक्षणाने त्यांना मतं मिळवून दिली नाहीत, पण त्यांच्यानंतर आलेल्या कुणाची ते काढून घ्यायची छातीही झाली नाही.) १९४६ मध्ये डास मारायला डीडीटी फवारण्याची मोहीम सुरू झाली आणि एका वर्षात मृत्युदर हजारी वीसवरून चौदावर आला. यात डीडीटीचा वाटा किती, तांदळाच्या रेशनचा किती आणि दवाखान्यांचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर ही तिन्ही कामं एकाच वेळी चालू होती, हेच त्यात महत्त्वाचं.

तिथल्या व्यवस्थेतलं एक माणूस मात्र नीट पाहण्यासारखं आहे. सरकारी सुईण. १९२६ मध्ये कळुतरा इथे पहिलं आरोग्य केंद्र सुरू झालं आणि पुढे तोच साचा देशभर पसरला. साधारण तीन ते पाच हजार वस्तीला एक प्रशिक्षित सुईण. ती दवाखान्यात बसून बायकांची वाट पाहत नाही, घरोघर फिरते. तिच्या वहीत हद्दीतलं प्रत्येक जोडपं असतं. कुणाला दिवस गेले, कितवा महिना, मागच्या खेपेला काय त्रास झाला होता, मूल कधी वजनात मागे पडलं. पायावर सूज दिसली, रक्तदाब वाढला, मूल आडवं वाटलं, तर जवळच्या रुग्णालयात कुणाला पाठवायचं ते तिला ठाऊक असतं, आणि तिने पाठवलेल्या बाईकडून तिथे पैसे मागत नाहीत. एवढंच. यात कुठलं मोठं यंत्र नाही. एक प्रशिक्षित बाई, एक वही, वर एक छोटं रुग्णालय आणि दर महिन्याला न चुकता होणारा पगार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीलंकेतले बाळंतपणातले मृत्यू दशकामागून दशक जवळजवळ निम्म्याने घटत गेले, ते या साखळीच्या जोरावर.

श्रीलंकेकडे चहा, रबर आणि नारळ होता, निर्यातीवरच्या करातून सरकारला पैसा मिळत होता, देश लहान होता, हे सगळं खरं. भारतापेक्षा त्याचं दरडोई उत्पन्न जास्त होतं, हेही खरं. पण मग चहा असलेल्या सगळ्याच देशांत असं का घडलं नाही?

आणि श्रीलंकेतही ते सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही, ही बाब तिचे गोडवे गाताना सोयीस्करपणे गाळली जाते. ज्या चहाच्या करावर या शाळा-दवाखान्यांचा खर्च चालला, तो चहा खुडणारे तमिळ मजूर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने परके ठरले. सात लाखांहून जास्त माणसं. नागरिकत्व गेलं तसा मताचा हक्कही गेला, आणि मत नाही म्हटल्यावर त्यांच्या वस्तीत दवाखाना मागायला कोण जाणार? मळ्यांतल्या शाळा मळेवाल्यांच्या मर्जीवर राहिल्या, बालमृत्यू देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर राहिले. १९३१ मध्ये जो नियम गावकऱ्यांच्या बाजूने चालला, तोच सतरा वर्षांनी मजुरांच्या विरुद्ध चालला. खर्च मताच्या मागे जातो. म्हणून नव्या देशात अर्थसंकल्प मांडण्याआधी नागरिक कोण हे ठरतं, तेव्हाच शाळा कुणाला मिळणार याचा अर्धा निकाल लागलेला असतो.

भारतात मत तर सगळ्यांना होतं. पहिल्या निवडणुकीपासून होतं. मग आपल्याकडे तसं का झालं नाही? याचं उत्तर शिडीच्या पायऱ्यांत आहे असं मला वाटतं, आणि ते शोधायला १८८२ मध्ये जावं लागतं. जोतिराव फुले यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात त्यांचा रोख स्वच्छ होता. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे त्यांना मान्य नव्हतं. निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात याच मागणीचं सौम्य विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे विचार नव्हता असं नाही, संस्थानापुरता का होईना पण प्रत्यक्ष दाखलाही होता.

तरी स्वातंत्र्यानंतरची घाई वरच्या पायऱ्यांसाठी झाली. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये, दिल्लीची एम्स १९५६ मध्ये. या संस्था मोठ्या आहेत, देशाला त्यांचा अभिमान आहे आणि तो मलाही आहे. पण त्या वर्षांत देशातल्या पाचांपैकी चार माणसांना सही करता येत नव्हती. १९५१ मध्ये साक्षरता १८ टक्के आणि बायकांमधली ९ टक्क्यांच्याही खाली. प्राथमिक शाळा राज्यांच्या गळ्यात, पैशाचे मोठे स्रोत केंद्राच्या हातात, आणि कलम ४५ असं की ते मोडलं म्हणून कोर्टात जाता येत नसे. आयआयटी उभी राहिली नाही तर दिल्लीत प्रश्न विचारणारी माणसं होती. गावात मास्तर आला नाही तर त्याचा जाब विचारणारं दिल्लीत कुणी नव्हतं.

आरोग्यातही हेच. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातले दोन आकडे मी कधी विसरू शकलो नाही. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि दर ४३,००० माणसांमागे एक नर्स. डॉक्टरांच्या सातव्या हिश्श्याइतक्या नर्स असलेला हा देश. अशा देशाने सगळ्यात आधी काय वाढवायला हवं होतं? समितीने लहान मुदतीच्या आराखड्यात ४०,००० लोकांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, नर्स, सुइणी असं सगळं मांडलं. ते चांगलंच होतं. १९५२ नंतर ही केंद्रं सुरू झाली ती मात्र एका विकास गटाला एक, म्हणजे साठ-सत्तर हजारांपासून लाखभर लोकांना एक. त्याच समितीने आणखी एक शिफारस केली: डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, कमी मुदतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावा. तेव्हाच्या डॉक्टरांपैकी निम्म्याहून जास्त या अभ्यासक्रमातून आलेले होते आणि गावात बसायला तयार असणारे तेच होते. समितीतल्याच काही सदस्यांनी या शिफारशीला विरोध नोंदवला. पण दर्जाचा मुद्दा जिंकला, अभ्यासक्रम गेला, आणि गावाला दर्जेदार डॉक्टरही मिळाला नाही, दुय्यमही नाही. दर्जा राखायचा म्हणून कमी शिकलेल्या माणसाला काढायचं आणि त्याच्या जागी कुणालाच बसवायचं नाही, यात दर्जा कुणाचा राखला जातो?

काँगोचं उदाहरण इथे घ्यावं लागेल. ३० जून १९६० रोजी बेल्जियमने तो देश सोडला तेव्हा तिथे एकही काँगोली डॉक्टर नव्हता. होते ते वैद्यकीय सहाय्यक, डॉक्टरच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्यांतल्या अनेकांना फ्रान्सला पाठवलं, त्यांनी उरलेलं शिक्षण पुरं केलं आणि देशाचे पहिले डॉक्टर झाले. हाताशी होती ती माणसं वर चढवली. मला ही दिशा बरोबर वाटते.

आता खर्चाच्या रूपाकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे.

इमारतीचा खर्च एकदाच होतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. परदेशी देणगीदारालाही इमारत आवडते, भिंतीवर त्याच्या देशाचा झेंडा लावता येतो. नर्सच्या पगाराचा खर्च तीस वर्षं दर महिन्याला होतो आणि त्याला कुणी फीत कापत नाही. आपल्याकडे तर हा भेद सरकारी हिशेबातच पक्का केलेला होता. योजनांतर्गत खर्च आणि योजनेतर खर्च. नवी शाळा, नवं केंद्र उघडलं की ते योजनेत बसे, त्याला केंद्राचा पैसा मिळे. योजनेची पाच वर्षं संपली की तिथले पगार योजनेतर खात्यात, म्हणजे राज्याच्या अंगावर येत. आणि योजनेतर म्हणजे अनुत्पादक, काटछाट करण्याजोगा खर्च, अशी समजूत मंत्रालयांत मुरलेली. म्हणून नवं उघडणं सोपं आणि उघडलेलं चालवणं अवघड, अशी रचना साठ-पासष्ट वर्षं चालली. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून हा भेद रद्द झाला. त्यातून तयार झालेली सवय गेलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका आडगावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर मी तासभर बसलो होतो. इमारत नवी, रंग ताजा, भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक सुबक अक्षरात रंगवलेलं. दाराला कुलूप. नर्सबाईंकडे शेजारच्या उपकेंद्राचाही कार्यभार होता, कारण तिथलं पद रिक्त. त्या दिवशी त्या तिकडे. कडेवर मूल घेतलेली एक बाई आली, कुलूप पाहिलं, काही बोलली नाही, मुलाच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि आली तशी निघाली. तिला यायला किती चालावं लागलं, ते मी विचारलं नाही. सरकारी कागदावर त्या गावात आरोग्यसेवा उपलब्ध होती.

म्हणून टक्केवारीच्या भांडणाने माझं समाधान होत नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांचं लक्ष्य दिलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणालाही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. तो गाठायलाच हवा. पण सहा टक्क्यांतही रिक्त पदं, कंत्राटी मास्तर आणि कुलपं राहू शकतात.

याच्या उलट एक दाखला बांगलादेशाचा. १९७० चं चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, तिजोरीत खडखडाट. त्या स्थितीत १९७३ मध्ये सरकारने ३६ हजारांवर प्राथमिक शाळा ताब्यात घेतल्या आणि दीड लाखाहून जास्त शिक्षकांना सरकारी नोकर केलं. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. त्या शाळा लगेच सुधारल्या असं कुणी म्हणणार नाही, वर्ग खचाखच आणि पगार तुटपुंजे राहिले. पण पगाराची जबाबदारी एकदा देशाने घेतली ती घेतली. पुढे तिथल्या मुली प्राथमिक शाळेत मुलांच्या बरोबरीने बसू लागल्या, त्याची जमीन तेव्हा तयार झाली होती.

आपल्या काळातला नवा देश पाहायचा तर आग्नेय आशियातला पूर्व तिमोर. इंडोनेशियापासून वेगळं होण्यासाठीच्या १९९९ च्या सार्वमतानंतर तिथल्या बहुतेक इमारती जाळल्या गेल्या, माध्यमिक शाळांतले बहुतेक शिक्षक इंडोनेशियाचे होते, ते निघून गेले. २० मे २००२ ला देश उभा राहिला. समुद्रात तेल आणि वायू होता, २००५ मध्ये कायद्याने पेट्रोलियम निधी स्थापन झाला आणि तेलसंपत्तीच्या ३ टक्क्यांपर्यंतच दर वर्षी काढावेत असं मार्गदर्शक सूत्र ठरलं. याहून शहाणा कायदा क्वचितच कुणी केला असेल. पण पैसा सूत्रापलीकडे काढला जात राहिला आणि त्यातला मोठा भाग वीजजाळं, महामार्ग, दक्षिण किनाऱ्यावरच्या तेलप्रकल्पाची बांधकामं यांत गेला. त्याच देशात पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आहे. चांगली बाजूही सांगायला हवी. क्यूबाने देऊ केलेल्या शिक्षणातून तिमोरचे सुमारे हजार तरुण डॉक्टर होण्यासाठी तयार झाले, आणि लोकसंख्या तेरा-चौदा लाख. एवढ्याशा देशात गावोगाव डॉक्टर पोचणं ही अचाट गोष्ट आहे. आता त्या डॉक्टरच्या टेबलावर औषध असणं, सोबत नर्स असणं, हा चालू खर्च त्या सरकारने उचलायचा आहे. तेलाचं उत्पन्न आटत गेलेलं असताना.

या सगळ्यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो श्रीलंकेतूनच येतो. एप्रिल १९७१ मध्ये तिथे बंड झालं ते शिकलेल्या ग्रामीण तरुणांचं. मोफत शाळांत शिकले, पदव्या घेतल्या, पण त्यांच्यासाठी काम नव्हतं. हजारो मारले गेले. आधी कमवा म्हणणारे याकडे बोट दाखवून विचारतात, नुसतं शिकवून काय केलंत? प्रश्न रास्त आहे. शिक्षणाबरोबर रोजगार उभा करण्यात ते सरकार कमी पडलं. दक्षिण कोरियाने जमीनवाटप, प्राथमिक शाळा आणि मग कारखाने असा क्रम धरला, तिथे शिकलेल्यांना काम मिळालं. पण त्या बंडावरून शाळा उशिरा काढायला हव्या होत्या असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी एवढंच विचारीन, की बेकारांना अडाणी ठेवून ती बेकारी कमी झाली असती का? तिथलं मूल पाचव्या वाढदिवसापर्यंत जगत होतं, त्याची आई बाळंतपणात जात नव्हती, आणि ते मोठं होऊन सरकारला जाब विचारू शकत होतं. आपल्याकडे त्याच वर्षी झालेल्या जनगणनेत दर तीन माणसांतली एक साक्षर निघाली. उरलेल्या दोघांना शाळेत न घालून आपण जे पैसे वाचवले, त्यांतून त्यांच्यासाठी कुठला कारखाना उभा राहिला, हे त्या दोघांना कुणी सांगितलेलं नाही.